पेन्सिलीतले चव्वेचाळीस

आमच्या विभागातली प्रवेशाची तोंडी परीक्षा बंद होऊन आता दोन वर्षं होतील. ती बंद करावी असा अहवाल मीच लिहिला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेली दोन वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो आहे.

मी पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. शिकलोही तिथेच. एम.एस्सी.च्या तीसेक जागांसाठी पूर्वी आम्ही दोन परीक्षा घ्यायचो. एक लेखी, चारांतला बरोबर पर्याय निवडायची, इंग्रजीत, पन्नास गुणांची. दुसरी तोंडी, तीही पन्नास गुणांची, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. दोन्हींची बेरीज करून यादी लागायची. आता एकच परीक्षा असते, संगणकावर. कोथरूडमधल्या एका केंद्रावर मी पर्यवेक्षक म्हणून जातो. मुलं येतात, अंगठा टेकवतात, पडद्यासमोर बसतात आणि नव्वद मिनिटांनी उठून जातात. त्यांच्यातल्या एकाचाही आवाज माझ्या कानावर पडत नाही. फार तर कोणी हात वर करून म्हणतं, "सर, माउस चालत नाहीये."

अशा वेळी मला आमची तोंडीची खोली आठवते. पहिल्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. एक लांब टेबल, त्याच्या एका बाजूला दोन खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षाची फांदी इतकी जवळ आलेली की मधेच खार खिडकीच्या गजावर येऊन बसायची, आणि घाबरलेलं मूल तिच्याकडे बघून जरा सैल व्हायचं. दोन खुर्च्यांपैकी एकीवर आमचे सर बसत. ते माझे शिक्षक, नंतर माझे विभागप्रमुख. दुसरीवर मी. मूल आत आलं की सर आधी पाण्याचा पेला पुढे सरकवायचे. प्रश्न त्यानंतर.

सरांचा नियम असा की तोंडीचे गुण पेन्सिलीने लिहायचे. मूल बाहेर गेलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो, सर आकडा म्हणायचे, मी फार तर एखाद-दोन गुण इकडेतिकडे करायचो, आणि तो कच्च्या कागदावर नावापुढे लिहिला जायचा. संध्याकाळी कार्यालयातून लेखीचे गुण यायचे. मग सर चष्मा पुसत म्हणायचे, "चला, इस्त्री करू या."

इस्त्री म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण माझा सगळा अपराध त्या एका शब्दात आहे. लेखीत पंचेचाळीस आणि तोंडीत वीस, किंवा उलट, असं पक्क्या यादीत दिसलं की लोक विचारतात. पालक विचारतात, प्राचार्य विचारतात. मग दोन्ही आकडे फार लांब राहू नयेत म्हणून तोंडीचा आकडा लेखीच्या जवळ सरकवायचा आणि पेनाने पक्क्या यादीत लिहायचा. बहुतेकांचे दोनतीन गुण हलायचे. कुणाचं वाकडं व्हावं असा हेतू नसायचा. आमच्याआधीच्या लोकांनीही हेच केलं होतं आणि शेजारच्या विभागांतही हेच चालायचं. फक्त तिथे त्याला नाव नव्हतं.

एका वर्षी ती मुलगी आली, तोंडीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी शेवटची. लोणी काळभोरची, घरची शेती, एका लहान कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. सकाळी बसने आली होती आणि बाहेरच्या बाकावर तीन तास बसली होती. सरांनी पाणी सरकवलं तर तिने एका दमात पेला संपवला आणि म्हणाली, "अजून हाय का, सर?"

सर हसले. जगमधून पुन्हा पेला भरून देत त्यांनी विचारलं, "समज, एका ट्रकमध्ये पाचशे क्रेट टोमॅटो आहेत. माल चांगला आहे की नाही हे कसं ठरवशील? सगळे उघडायचे नाहीत."

ती म्हणाली, "ट्रक कुणाचा हाय?"

"कुणाचा म्हणजे?"

"म्हंजे आमचा असंल तर वरचा थर बघू नका. वरचा थर माझी आई लावती."

सर मोठ्याने हसले. मीही हसलो. आणि मग ती जी सुटली ती थांबेना. दाराजवळचे क्रेट घ्यायचे नाहीत, ते शेवटी चढवलेले असतात. शेवटी चढवलेला माल दुपारच्या तोडणीचा, तो मऊ पडलेला असतो. म्हणून सकाळचे थोडे, दुपारचे थोडे, बांधाकडचे थोडे असे वेगवेगळे काढायचे आणि प्रत्येकातून तळाचा थर बघायचा. पुस्तकातलं एक आख्खं प्रकरण ती पुस्तकातला एकही शब्द न वापरता सांगत होती. बोलणं इतकं वेगात की एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या पायात येत होतं. हात टेबलावर क्रेट रचत होते.

सरांना चेव आला. ते पुढे वाकले. "बरं, आता हे सांग. एक व्यापारी आहे. तो शंभर क्रेट बघतो, तीस ठेवतो, सत्तर परत पाठवतो. ठेवलेले तीस चांगले निघाले. म्हणजे त्याची पारख चांगली. बरोबर?"

"नाय, सर."

"का?"

"परत पाठवलेला माल कुठं गेला ते बघितलं पायजे ना! तो पण चांगलाच निघाला असंल तर? मग कसली आलीय पारख? त्यानं नुसता हात घातला आन् तीस काढलं."

तेवढ्यात खार येऊन गेली. आमच्यापैकी कोणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. दहा मिनिटांची तोंडी पाऊण तास चालली. ती बाहेर गेल्यावर सरांनी रिकामा जग हलवून बघितला. मग म्हणाले, "चव्वेचाळीस. पंचेचाळीस देणार होतो, पण माझं सगळं पाणी संपवलं तिने."

मी पेन्सिलीने चव्वेचाळीस लिहिले.

संध्याकाळी लेखीचे गुण आले. तिचे एकवीस होते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत, चुकीला गुण कापायची, पर्याय एकमेकांच्या अंगावर पडणारे. तिने जवळजवळ सगळे प्रश्न सोडवले होते, म्हणजे कापलेही भरपूर गेले होते. आम्ही यादी खाली सरकवत इस्त्री करत आलो आणि तिच्या नावापाशी सर थांबले.

"हिचं राहू दे असंच," ते म्हणाले.

आणि मी म्हणालो, "सर, तफावत फार आहे. विचारतील."

हे मी म्हणालो. सर नाही. आदल्या वर्षी एका पालकाने तक्रार केली होती आणि तिचं उत्तर मला लिहावं लागलं होतं. शिवाय त्या वर्षी माझी पदोन्नतीची मुलाखत व्हायची होती आणि माझ्या नावाभोवती कसलीही कुजबुज मला नको होती. एवढंच कारण. सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "निवृत्तीला सहा महिने राहिलेत माझ्या. पुढे तुलाच उत्तरं द्यायचीत. तू म्हणतोस तर."

मी पक्क्या यादीत पेनाने सव्वीस लिहिले.

सत्तेचाळीस बेरजेवर ती प्रतीक्षा यादीत गेली आणि त्या वर्षी कोणी जागा सोडली नाही. आमचे चव्वेचाळीस तसेच राहिले असते तर ती सहज आत आली असती.

यादी लागली त्या दिवशी ती आली. मी जिन्यात भेटलो. रडवेली वगैरे नव्हती. तिने विचारलं, "सर, लेखीचं कळलं मला. पण तोंडीत कुठं चुकलं?"

मी म्हणू शकलो असतो, कुठेच नाही. तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. म्हणून हातातले कागद नीट करत मी म्हणालो, "बोलण्यात जरा घाई झाली तुझी."

तिने मान हलवली. म्हणाली, "बरं, सर. पुढच्या टायमाला सावकाश बोलंन." आणि पायऱ्या उतरून गेली. पुढच्या वर्षी मी अर्जांत तिचं नाव शोधलं. नव्हतं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पदोन्नती झाली. कोणी काही विचारलं नाही.

नंतरच्या वर्षांत सरांची खुर्ची माझी झाली, माझ्या खुर्चीवर वेगवेगळे सहकारी बसले. इस्त्री चालूच राहिली, कारण आता ती माझ्याकडून इतर शिकत होते. पण एक बदल माझ्यात झाला होता आणि तो मी कोणाला सांगितला नाही. दर उन्हाळ्यात मी तोंडीची वाट बघायचो. प्रत्येक मुलाला मी काही ना काही निमित्ताने ट्रकचा प्रश्न विचारायचो. मुलं हुशार असत. 'यादृच्छिक नमुना' म्हणत, टक्केवारी सांगत, अचूक बोलत. ट्रक कुणाचा हाय, असं कोणी विचारलं नाही. जगमधलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, कामाला चोख. त्या म्हणाल्या, "सर, तोंडीला दोन दिवस जातात, दोन माणसं अडकतात, वर फोन येतात ते वेगळेच. लेखीवरून जर कळत असेल की कोण पुढे टिकणार, तर तोंडी हवीच कशाला? दहा वर्षांचे आकडे आहेत आपल्याकडे. बघून सांगाल?"

प्रश्न चांगला होता. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना असेच प्रश्न सोडवून देतो, आपल्या घरातला कधी सोडवत नाही. मी दहा तुकड्यांच्या याद्या काढल्या. प्रवेशाच्या वेळचे लेखीचे गुण, तोंडीचे गुण आणि दोन वर्षांनी एम.एस्सी.चा निकाल, असे तीन रकाने मांडले. उत्तर एका दुपारी आलं. तोंडीचे गुण हातात असले तरी, लेखीवरून जे कळतं त्यापलीकडे काहीच कळत नव्हतं. तोंडी म्हणजे लेखीचीच सावली.

दुसरं काय निघणार होतं? एका काट्यावरचं वजन बघून दुसऱ्या काट्याची सुई हाताने हलवायची आणि मग म्हणायचं, बघा, दोन्ही काटे सारखंच सांगतात.

जुन्या याद्या शोधताना कपाटाच्या तळाशी सुतळीने बांधलेला गठ्ठा सापडला. सरांना कागद फाडवत नसे. सगळे कच्चे कागद त्यांनी ठेवून दिले होते. पेन्सिल फिकी झाली होती, पण खिडकीपाशी धरलं की आकडे दिसत. एका शनिवारी कॉलेज रिकामं असताना मी पेनाच्या आकड्यांऐवजी पेन्सिलीचे आकडे घेऊन पुन्हा तोच हिशेब केला. माझ्या दहा तुकड्यांपैकी सरांच्या काळातल्या तीनच, म्हणून कागद तेवढेच होते, मुलं थोडी, त्यामुळे छाती ठोकून काही सांगता येणार नाही. पण लेखीत तळाला असूनही ज्यांच्यापुढे पेन्सिलीने मोठा आकडा होता, अशी जी चारपाच मुलं कशीबशी आत आली होती, ती दुसऱ्या वर्षापर्यंत वर चढलेली दिसत होती. त्यांचे चेहरे मला आठवले. त्यांच्या तोंडीही आठवल्या.

आणि मग माझं बोट त्या नावावर आलं. चव्वेचाळीस. माझंच अक्षर. पुढचा रकाना, एम.एस्सी.चा निकाल, कोरा. कोराच असणार. आपण ज्यांना घेतलं नाही त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही. परत पाठवलेला माल कुठं गेला ते बघितलं पायजे ना, सर. मी तिला याच प्रश्नाच्या उत्तरासाठी चव्वेचाळीस दिले होते, आणि आता तिलाच वगळून मी पारख तपासत होतो.

एवढं सगळं समजून मी काय केलं? गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधला. अहवालात कच्च्या कागदांचा उल्लेख करायचा तर दोन आकडे वेगळे का, हे लिहावं लागलं असतं. आमची रीत लिहावी लागली असती, सरांचं नाव आलं असतं. हे शेवटचं कारण मी स्वतःला पुढे करून दाखवत होतो. सोमवारी मी एकपानी अहवाल दिला. मॅडम म्हणाल्या, "थँक यू, सर. एकदम क्लिअर आहे." तोंडीच्या खोलीत आता प्रिंटर ठेवला आहे.

यंदाच्या परीक्षेच्या दिवशी केंद्रावर वेळ संपल्यावर एक मुलगी बाहेर न जाता माझ्याजवळ आली.

"सर, तोंडी खरंच नसती का?"

'नसती' ऐकून मी तिच्याकडे नीट बघितलं. "नसते आता. का?"

"वेबसाइटवर नव्हतं दिलेलं. पण आमच्या मॅडम म्हणाल्या पूर्वी असायची, एकदा विचारून ये. त्यांनी तयारी करून घेतलीय माझी."

"तोंडीची तयारी? कशी?"

"सावकाश बोलायची. प्रश्न ऐकल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि मग तोंड उघडायचं. त्या म्हणतात, घाई केली की तोंडीत मार्क जातात. त्यांचे गेले होते."

"तू कुठून आलीस?" मी विचारलं, पण मला ते माहीत झालं होतं.

त्या आठवड्यात मी सरांकडे गेलो. तेही कोथरूडमध्येच राहतात, माझ्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने कबुली देणं फार अवघड असतं. मी गठ्ठ्याचं सांगितलं, अहवालाचं सांगितलं, मुलीचं सांगितलं.

सर म्हणाले, "ती टोमॅटोवाली?"

"आठवते तुम्हाला?"

"दर रविवारी आठवते. मंडईत वरचा थर बघत नाही मी. भाजीवाला वैतागलाय." मग म्हणाले, "तुला त्या अहवालात मला वाचवायचं होतं, असं म्हणतोस?"

"हो, सर."

"मला विचारलं होतंस?"

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

रविवारी मी गाडी काढली. हडपसर ओलांडल्यावर सोलापूर रस्त्याला ट्रकांच्या मागे मागे जावं लागतं. पत्ता त्या विद्यार्थिनीने दिला होता. दूध डेअरीच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेला एक हॉल, बाहेर चपला, आत वीसेक मुली सतरंजीवर. मी दाराशी उभा राहिलो. फळ्यापाशी ती होती. केसांत थोडं पांढरं, हातात खडू. एका मुलीला समजावत होती, "हे बघ. आधी. प्रश्न काय आहे. तो पाहायचा." प्रत्येक शब्द वेगळा, नीट, पुस्तकासारखा. 'आहे' म्हणत होती. मी तिथे उभा राहून कान देऊन ऐकत होतो, की या संथ बोलण्याच्या खालून कुठून तरी तो आवाज येईल, शेपूट पायात अडकणारा. येत नव्हता.

वर्ग सुटल्यावर मी ओळख दिली. तिने ओळखलं होतं. खुर्ची दिली, स्वतः फळ्याला टेकून उभी राहिली. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, बी.एड. केलं, लग्न झालं, संध्याकाळी आणि रविवारी हे वर्ग. एम.एस्सी. राहून गेलं. हे सगळं तिने सावकाश सांगितलं.

मी खिशातून कच्च्या कागदाची प्रत काढून तिच्या हातात दिली. म्हणालो, "जिन्यात मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. तुमची घाई झाली नव्हती. तोंडीत तुम्हाला चव्वेचाळीस होते. लेखी कमी होतं, म्हणून मी ते सव्वीस केले. दोन्ही जुळावेत म्हणून. सरांना ते तसेच ठेवायचे होते. मीच ठेवू दिले नाहीत."

ती कागदाकडे बघत राहिली. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. "पन्नासपैकी?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं की घाई झाली."

"हो."

तिने खडू खाली ठेवला. आणि मग आवाज चढला, आणि चढता चढता धावायला लागला.

"घाई? कसली घाई? आवो मी तशीच बोलती! आमच्या घरात समदी तशीच बोलत्यात, आई तर माझ्या दुप्पट बोलती! अकरा वर्सं झाली, मी एकेक शब्द मोजून तोंडातनं काढती, एक, दोन, तीन, आन् मग बोलती. बी.एड.ला पोरी म्हणायच्या हिचं नेट स्लो हाय. सासरी म्हणत्यात सून लई गरीब हाय, बोलतच नाय! मुलाखतीला गेलं तरी तेच, मोजत बसायचं, तवर समोरचा म्हणतो, येत नाय का उत्तर? आन् ह्या पोरींना पण तेच शिकवलं मी! कशापायी? तुमचं दोन कागद जुळावं म्हणून?"

मी अकरा वर्षं ज्या आवाजाची वाट बघत होतो तो हाच होता. त्याच वेगाने, तसेच हात हवेत. तो माझ्यावर ओरडत होता आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण तसं वाटलं खरं.

ती थांबली. दम लागला होता. "हा मूळ कागद हाय का अजून?"

"आहे. कपाटात."

"मग मला कशाला दाखवता? फ्रेम करून लावू? ज्यांनी तोंडी बंद केली त्यांना दाखवा."

"ती माझ्याच अहवालावरून बंद झाली."

"मग तुमीच परत चालू करा." तिने प्रत घडी करून माझ्या हातात दिली. "ही माझी पोरगी आली ना तुमच्याकडं परीक्षेला. लेखीत नाय निघायची ती. इंग्रजी कच्चं हाय. पर तिला एकदा समोर बसवून ट्रकचं विचारून बघा."

"तो प्रश्न तुम्ही त्यांना सांगता?"

तिने पदराने चेहरा पुसला, खडू उचलून खोक्यात ठेवला. मग माझ्याकडे वळली. थोडा वेळ गेला. तेवढ्यात तिने काय केलं ते मला आता कळत होतं. एक, दोन, तीन.

"चहा घेणार का, सर?" तिने सावकाश विचारलं.

सोमवारी मी गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर नवा अहवाल. सहा पानं. इस्त्री म्हणजे काय, ती कोणी कशी केली, मी केव्हापासून केली, हे पहिल्याच पानावर आहे. सरांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं, ते घातलं. जुन्या अहवालातले आकडे बरोबर असूनही निष्कर्ष का टिकत नाही, ते पुढे आहे. शेवटी पेन्सिलीच्या कागदांवरची सगळी नावं आहेत, घेतलेली आणि न घेतलेली.

मॅडमनी उभ्याउभ्या दोन पानं वाचली आणि बसल्या. "सर, हे आता कशाला उकरून काढताय? चौकशी लागेल. तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय?"

"सहा वर्षं."

त्यांनी पुढची पानं चाळली. यादीपाशी थांबल्या. तिथे बहुतेक नावांपुढे शेवटच्या रकान्यात मी 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. ओळीमागून ओळी. लोणीच्या त्या नावापुढेही तेच आहे. तिचा वर्ग मी पाहिला, वीस मुली पाहिल्या, पण ती आमच्याकडे आली असती तर काय झाली असती, ते मला माहीत नाही आणि आता कधी होणारही नाही.

"या ओळी काढून टाकते," मॅडम पेन उचलत म्हणाल्या. "समितीपुढे जायचंय. माहिती नाही तर ओळी कशाला?"

"नको," मी म्हणालो. "त्या राहू द्या."